मुलांचे पाय वाकडे वाटतात तेव्हा: पहिल्यांदाच आईबाबा झालेल्यांसाठी

जून महिना आला की माझ्या खोलीबाहेरच्या बाकावर तीन-चार वर्षांची मुलं दिसायला लागतात. बालवाडीसाठी पहिले काळे बूट घ्यायला आईबाबा लक्ष्मी रोडला गेलेले असतात. तिथे पोराला उभं करून बघताना कुणाच्या तरी लक्षात येतं की गुडघ्याला गुडघा घासतोय, नाहीतर तळपायाला खड्डाच नाही. दुकानदार काहीतरी बोलतो, आजी मान डोलावते, रात्री मोबाइलवर शोधाशोध होते. दोन दिवसांनी ते माझ्यासमोर बसलेले असतात आणि आईच्या तोंडून पहिलं वाक्य येतं, "आमचं काही चुकलं का हो?"

मी गेली 16 वर्षं पुण्यात लहान मुलांसाठी फिजिओथेरपीचं काम करते. या बाकावर बसलेल्या बहुतेक मुलांना माझी गरजच नसते. वाढत्या वयात पाय जसे बदलायला हवेत तसेच ते बदलत असतात. पण त्याच गर्दीत कधीतरी एखादं मूल असं असतं, ज्याला वर्षभरापूर्वीच हाडांच्या डॉक्टरांकडे न्यायला हवं होतं. एका मुलीने तळपायाला खड्डा यावा म्हणून दोन वर्षं जड, कडक बूट घातले होते. तिला त्यांची काहीच गरज नव्हती, आणि तेवढ्या काळात ती पळायचं विसरली होती. त्याच महिन्यात तीन वर्षांचा एक मुलगा आला. त्याचा फक्त डावा पाय नडगीपाशी बाहेर वाकत चालला होता आणि घरचे सगळे म्हणत होते, "होईल मोठा झाला की नीट." त्याला शस्त्रक्रिया लागली.

या दोघांमधला फरक घरी बसून ओळखता येतो. त्यासाठी चार प्रश्न पुरतात. मुलाचं वय काय? दोन्ही पाय सारखे आहेत का? दुखतं का? आणि गेल्या सहा महिन्यांत ते वाढलंय की कमी झालंय? पुढचं सगळं या चार प्रश्नांभोवती आहे.

आधी वय बघा

गर्भात बाळ पाय दुमडून बसलेलं असतं. त्यामुळे जन्मतः प्रत्येक बाळाचे पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले असतात. बाळ चालायला लागलं की ते जास्तच डोळ्यांत भरतं. साधारण दीड ते दोन वर्षांच्या सुमारास पाय सरळ होतात, पण तिथे थांबत नाहीत. ते उलट्या बाजूला जातात आणि गुडघे आत यायला लागतात. तीन-चार वर्षांचं मूल उभं राहिलं की गुडघे एकमेकांना टेकतात आणि घोटे लांब राहतात. हा आतला कल याच वयात सर्वांत जास्त असतो. मग तो हळूहळू कमी होतो आणि सात-आठ वर्षांच्या सुमारास पाय मोठ्या माणसासारखे दिसायला लागतात. मोठ्या माणसाचे पायही अगदी सरळ रेषेत नसतात. गुडघ्यापाशी पाच-सात अंशांचा आतला कल राहतो आणि तो तसाच असायला हवा.

म्हणजे दीड वर्षाच्या मुलाचे पाय धनुष्यासारखे असतील तर वयाला धरून आहे. चार वर्षांच्या मुलाचे तसेच असतील तर दाखवायला हवं. चार वर्षांच्या मुलीच्या गुडघ्याला गुडघा लागतो, त्यात काही विशेष नाही. दीड वर्षाच्या मुलीच्या लागत असेल तर आहे. पायाचा आकार तोच असला तरी वय बदललं की त्याचा अर्थ बदलतो. म्हणून शेजारच्या मुलाशी तुलना करू नका. तो सहा महिन्यांनी मोठा असेल तर तो पायांच्या वेगळ्याच टप्प्यावर असतो.

मग रविवारी सकाळी अर्धा तास काढा

आंघोळीनंतर, फक्त चड्डीवर, उजेडात. मूल चिडलेलं किंवा भुकेलं नको.

जुन्या वाड्यात किंवा बैठ्या घरात राहत असाल तर शहाबादी फरशीवर ओल्या पायांनी चालायला सांगा. काळ्या फरशीवर ठसा लख्ख दिसतो. फ्लॅटच्या चकचकीत टाइल्सवर तो नीट कळत नाही. मग वह्यांना घालायचा खाकी कागद जमिनीवर पसरा, ओला पाय त्यावर टेकवून घ्या आणि ठसा वाळायच्या आत पेन्सिलीने कडेने गिरवा. खाली तारीख लिहा. हा कागद जपून ठेवा, पुढे फार उपयोगी पडतो.

आता मुलाला पाय जवळ घेऊन, गुडघ्याच्या वाट्या समोर ठेवून उभं करा. हे महत्त्वाचं आहे. पाऊल नव्हे, वाटी समोर हवी. पाय धनुष्यासारखे वाटत असतील तर घोटे एकमेकांना टेकवा आणि दोन गुडघ्यांमधलं अंतर शिंप्याच्या टेपने मोजा. गुडघे आत येत असतील तर ते एकमेकांना जेमतेम टेकवा आणि घोट्यांमधलं अंतर मोजा. पहिलं अंतर 6 सेंटिमीटरच्या वर किंवा दुसरं 8 सेंटिमीटरच्या वर असेल तर डॉक्टरांना दाखवा. त्याहून कमी असेल तर आकडा कागदावर लिहून ठेवा. एका मोजमापाला फारसा अर्थ नसतो. सहा महिन्यांनी तेच मोजमाप पुन्हा घेतलं की ते बोलायला लागतं.

मग फोटो काढा. मोबाइल मुलाच्या गुडघ्याच्या उंचीवर धरून समोरून एक, मागून एक. उभं राहून वरून काढलेल्या फोटोत सगळेच पाय वाकडे दिसतात. निम्मी काळजी अशा फोटोंतून येते.

शेवटी सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा लांब व्हरांड्यात अनवाणी चालायला आणि पळायला लावा. समोरून आणि मागून व्हिडिओ घ्या. "नीट चाल" असं म्हणू नका. तसं म्हटलं की मूल वेगळंच चालतं. चेंडू टाका आणि आणायला सांगा. मग जमिनीवर बसवा आणि उठायला सांगा. मूल हातांचा आधार न घेता उठतं का, की गुडघ्यांवर, मग मांड्यांवर हात टेकत स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखं उठतं, ते बघा. दुसरी पद्धत तीन वर्षांनंतरही दिसत असेल तर प्रश्न हाडांचा नसून स्नायूंचा असू शकतो. मग वेळ घालवू नका.

धनुष्यासारखे पाय आणि मुडदूस

इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण आपल्याकडे वाकड्या पायांमागचं टाळता येण्यासारखं सर्वांत मोठं कारण म्हणजे मुडदूस. आजीला हा शब्द माहीत असतो, आपल्या पिढीला तो जुना वाटतो. आजार मात्र जुना झालेला नाही.

मुडदूस होतो तेव्हा ड जीवनसत्त्व किंवा कॅल्शियम कमी पडतं, आणि वाढणाऱ्या टोकांपाशी हाड कडक होत नाही. मऊ राहिलेलं हाड अंगाच्या वजनाने वाकतं. पायांखेरीज आणखी काही खुणा दिसतात. मनगटं आणि घोटे रुंद, सुजल्यासारखे दिसतात. बरगड्यांवर मण्यांच्या माळेसारखे उंचवटे हाताला लागतात. टाळू भरायला वेळ लागतो, दात उशिरा येतात, मूल उशिरा चालतं, घाम फार येतो आणि ते किरकिरं असतं. दोन वर्षांनंतरही पाय धनुष्यासारखे असतील आणि यातलं काही दिसत असेल तर मनगटाचा किंवा गुडघ्याचा एक एक्स-रे आणि रक्ततपासणी (कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, ड जीवनसत्त्व) यातून बहुतेक चित्र स्पष्ट होतं. लवकर सापडला तर औषधाने हाड भरतं आणि लहान मुलाचे पाय पुष्कळ अंशी आपोआप सरळ होतात. असं झालेलं मी कितीतरी मुलांच्या बाबतीत पाहिलं आहे. दर वेळी तितकाच आनंद होतो.

उन्हाबद्दल एक गैरसमज मात्र काढून टाका. बाळाला सकाळच्या कोवळ्या उन्हात धरायची आपली पद्धत आहे. ती छान आहे, पण त्या उन्हात ड जीवनसत्त्व फारसं तयार होत नाही. त्याला लागणारे किरण दिवस वर आल्यावर, साधारण 11 ते 3 या वेळात जमिनीपर्यंत पोहोचतात, आणि खिडकीच्या काचेतून ते आत येत नाहीत. बंद बाल्कनीत काचेमागे बसवलेल्या बाळाला ऊब मिळते, ड जीवनसत्त्व मिळत नाही. चालत्या मुलाला दुपारी थोडा वेळ हातपाय उघडे ठेवून अंगणात किंवा गच्चीवर खेळू द्या. त्वचा लाल होईपर्यंत नाही. तान्ह्या बाळाला मात्र पहिलं वर्ष रोज 400 युनिट ड जीवनसत्त्वाचे थेंब द्यावेत, असं भारतातले बालरोगतज्ज्ञ सांगतात. आईचं दूध कितीही चांगलं असलं तरी त्यात हे जीवनसत्त्व कमीच असतं.

जेवणात नाचणी ठेवा. 100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. दूध, दही, तीळ आहेतच. पण घरातल्या मोठ्यांसाठी आणलेली 60,000 युनिटची पुडी स्वतःच्या मनाने मुलाला देऊ नका. ड जीवनसत्त्व जास्त झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं, उलट्या होतात आणि मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. डोस डॉक्टरांनीच ठरवायचा.

वर सांगितलेल्या मुलाला मुडदूस नव्हता. त्याच्या नडगीच्या हाडाची आतली बाजू, गुडघ्याच्या लगेच खाली, नीट वाढत नव्हती. हा ब्लाउंटचा आजार. नऊ-दहा महिन्यांतच चालायला लागलेल्या, वजनाने जास्त असलेल्या मुलांमध्ये तो अधिक दिसतो. दोन वर्षांनंतर पाय सरळ होण्याऐवजी आणखी वाकत असतील, किंवा एकच पाय वाकत असेल, तर हाडांच्या डॉक्टरांची वेळ घ्या. मूल लवकर चालायला लागलं म्हणून पेढे वाटलेले असतात, त्यामुळे ही शंका कुणाच्या मनात येत नाही.

गुडघ्याला गुडघा

तीन ते सहा वर्षांमध्ये हे बघायचं आणि थांबायचं. पट्टे, रात्रीचे स्प्लिंट, उलटे बूट, दोन गुडघ्यांमध्ये उशी बांधून झोपवणं यातल्या कशानेही या वयातला नैसर्गिक कल लवकर जात नाही. त्यातून मुलाची झोप मात्र बिघडते.

सात-आठ वर्षांनंतरही अंतर कमी होत नसेल, एका पायात जास्त असेल, किंवा मूल वयाच्या मानाने फार बुटकं असेल तर दाखवा. दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या पालकांना माझी खास विनंती आहे. अजूनही घोट्यांमधलं अंतर मोठं असेल तर "दहावी होऊ दे, मग बघू" असं करू नका. हाडाच्या टोकाशी जिथे वाढ होते तिथे एका बाजूला छोटी पट्टी आणि दोन स्क्रू लावतात. ती बाजू थोडा काळ थांबते, दुसरी वाढते आणि पाय स्वतःच सरळ होतो. शस्त्रक्रिया लहान असते आणि मूल लवकर चालायला लागतं. पण हे वाढ चालू असेपर्यंतच जमतं. मुलींची वाढ साधारण 14 आणि मुलांची 16 वर्षांच्या सुमारास थांबत येते. त्यानंतर हाड कापून सरळ करावं लागतं, आणि ते फार मोठं काम असतं.

पाय आत टाकतो

"चालताना पाय आत पडतात, अडखळतो." ही तक्रार तीन जागांवरून येऊ शकते आणि कुठली जागा ते तुम्ही स्वतः शोधू शकता. व्हिडिओ थांबवा आणि गुडघ्याच्या वाट्या बघा.

वाट्या समोर आहेत आणि फक्त पावलं आत वळली आहेत, तर पीळ नडगीत आहे. एक ते तीन वर्षांत हे दिसतं आणि चार-पाच वर्षांपर्यंत बहुतेक मुलांत जातं.

वाट्यासुद्धा आत बघताहेत, तर पीळ मांडीच्या हाडात, खुब्याजवळ आहे. जन्मतः मांडीच्या हाडाचा हा पीळ साधारण 40 अंश असतो आणि मोठं होईपर्यंत 15 अंशांच्या आसपास येतो. तीन ते आठ वर्षांत हे चांगलंच दिसतं, मुलींमध्ये जास्त. ही मुलं फतकल मारून बसतात, म्हणजे ढुंगण जमिनीला टेकलेलं आणि दोन्ही पाय मागे दोन बाजूंना. आई दिवसभर ओरडत असते, "मांडी घालून बस!" खरं तर त्यांच्या हाडांना तसंच बसणं सोपं जातं. त्या बसण्याने पीळ तयार झाला, असं नाही. मांडी घालायला जरूर सांगा, पण त्यावरून घरात युद्ध नको. आठ-दहा वर्षांपर्यंत बहुतेकांचं कमी होतं.

तान्ह्या बाळाचं पाऊल पुढून आत वळलेलं, बाहेरची कड केळ्यासारखी वाकलेली असेल तर पीळ पावलातच आहे. तुमच्या दोन बोटांनी ते हलकेच सरळ होत असेल तर बहुतेक वेळा पहिल्या वर्षात आपोआप सुधारतं. होत नसेल तर पहिल्या काही महिन्यांतच डॉक्टरांकडे न्या, कारण तेव्हा प्लास्टरने पटकन काम होतं.

तळपायाला खड्डा नाही

बूट विकणाऱ्यांचा हा सर्वांत आवडता विषय, म्हणून मी इथे ठामपणे लिहिते. चालायला लागलेल्या जवळजवळ प्रत्येक बाळाचे तळवे सपाट असतात. आत चरबीची गादी असते आणि सांधे लवचीक असतात. कमान हळूहळू, पहिल्या दहा वर्षांत घडत जाते.

कमान लवचीक आहे का, ते घरीच बघा. मुलाला स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसवून पाय लोंबकळू द्या. खड्डा दिसला? मग वरच्या फळीवरचा लाडवाचा डबा घ्यायला चवड्यांवर उभं करा आणि मागून बघा. खड्डा उमटला आणि टाचा आत वळल्या तर पाऊल लवचीक आहे. त्याला दुखत नसेल तर कुठलाही उपचार नको. बूट आणि इनसोल (बुटाच्या आत घालायची गादी) घातल्याने लवचीक सपाट पावलात नवी कमान तयार होत नाही, हे 1989 साली अमेरिकेत तीन वर्षं चाललेल्या एका अभ्यासात दिसलं होतं. आणि आपल्या देशातला अभ्यास तर फार बोलका आहे. 1992 साली डॉ. राव आणि डॉ. बेंजामिन जोसेफ यांनी 2,300 मुलांच्या पावलांचे ठसे तपासले. पादत्राणं वापरणाऱ्या मुलांत सपाट पावलांचं प्रमाण 8.6 टक्के होतं, अनवाणी वावरणाऱ्यांत 2.8 टक्के. घरात अनवाणी फिरण्याची आपली रीत पावलांसाठी चांगलीच आहे.

मग तळजाईवर किंवा वेताळ टेकडीवर मुलाला न्या. चढू द्या, उतरू द्या, मातीत आणि गवतावर सुरक्षित जागा बघून थोडा वेळ चपला काढू द्या. चवड्यांवर चालणं, टाचांवर चालणं, पायाच्या बोटांनी रुमाल उचलणं, दोरीवरच्या उड्या. माझ्याकडे आलात तरी मी हेच सांगेन.

मात्र चवड्यांवर उभं राहूनही पाऊल सपाटच राहत असेल, पाऊल ताठ असेल, किंवा आठ-दहा वर्षांनंतर खेळताना घोट्याखाली दुखायला लागलं असेल तर पावलातली दोन हाडं एकमेकांना जोडलेली असू शकतात. त्याला तपासणी लागते. लवचीक पाऊल दुखत असेल तर इनसोलने दुखणं कमी होतं. तेवढाच त्याचा उपयोग आहे, पण तो खरा आहे.

चवड्यांवर चालणं

नवीन चालणारी मुलं काही दिवस चवड्यांवर चालतात. तीन वर्षांनंतरही टाचा टेकत नसतील, एकाच पायाची टेकत नसेल, किंवा आधी नीट चालणारं मूल आता चवड्यांवर चालायला लागलं असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आखडलेली टाचेची शीर, मेंदूकडून येणारा ताठरपणा, स्नायूंचा आजार, स्वमग्नता अशी कारणं असू शकतात. काही वेळा ती नुसती सवयही असते.

जन्माच्या दिवशीच बघायच्या दोन गोष्टी

पाऊल आत आणि खाली वळलेलं, तळवा वर बघणारा, आणि हाताने सरळ न होणारं असेल तर तो क्लबफूट. पूर्वी यासाठी मोठ्या शस्त्रक्रिया होत. आता पोन्सेती पद्धत आहे. जन्मानंतर पहिल्या आठवड्यांतच दर आठवड्याला प्लास्टर बदलतात, साधारण पाच ते सात वेळा. बहुतेकांना टाचेच्या शिरेवर एक बारीकसा छेद घेतात, आणि मग दोन बूट एका दांड्याला जोडलेला ब्रेस देतात. पहिले तीन महिने दिवसाचे 23 तास, नंतर चार-पाच वर्षांचं होईपर्यंत झोपताना.

खरी लढाई या ब्रेसची आहे. एका खोलीत सहा माणसं झोपतात, बाळ रात्री रडतं, घरातलं कुणीतरी प्रेमाने म्हणतं, "काढ गं आजच्या दिवस." मग एक दिवसाचे चार होतात आणि सुंदर सरळ झालेलं पाऊल पुन्हा वळायला लागतं. पाऊल पुन्हा वळण्याचं सर्वांत मोठं कारण ब्रेस सोडणं हेच आहे. म्हणून मी पहिल्याच भेटीत आजीआजोबांनाही बोलावते. त्यांना पटलं की निम्मं काम झालं.

दुसरी गोष्ट खुब्याची. मूल पायाळू असेल, म्हणजे पायांकडून जन्मलं असेल किंवा शेवटच्या महिन्यांत पोटात तसं बसलेलं असेल, तर खुबा सांध्यातून निसटलेला असण्याची शक्यता जास्त असते. पायाळू माणसाची लाथ बसली की कंबरदुखी जाते म्हणतात, पण त्याच्या खुब्याबद्दल कुणी बोलत नाही. मुलगी असेल, पहिलं बाळ असेल किंवा घरात कुणाला हे झालं असेल तरीही शक्यता वाढते. चार ते सहा आठवड्यांच्या सुमारास सोनोग्राफी करून घ्या. एक पाय आखूड वाटणं, मांड्यांच्या घड्या असमान असणं, लंगोट बदलताना एक पाय कमी उघडणं या खुणा लक्षात ठेवा.

बाळाला दुपट्यात गुंडाळताना पाय सरळ ओढून घट्ट बांधू नका. कंबरेखाली जागा सोडा, गुडघे वर आणि बाजूला हलू द्या. मान धरल्यावर कडेवर घेणं खुब्यासाठी उत्तम, कारण पाय फाकलेले राहतात. मालिश करणाऱ्या बाईंना तेल हलक्या हाताने लावायला सांगा. पाय धरून ओढल्याने, गुडघ्यांवर दाब दिल्याने हाडं सरळ होत नाहीत, इजा मात्र होऊ शकते. आणि वॉकर आणू नका. त्याने मूल लवकर चालत नाही, पडण्याचे अपघात वाढतात.

इथे थांबायचं नाही

ताप आहे आणि मूल पाय टेकवतच नाही, सांधा हलवू देत नाही: त्याच दिवशी, रात्र असली तरी रुग्णालयात. सांध्यात पू झाला असेल तर तास मोजावे लागतात.

दहा ते पंधरा वर्षांचं, वजन जास्त असलेलं मूल लंगडतंय, पाऊल बाहेर वळलंय आणि तक्रार मांडीची किंवा गुडघ्याची आहे: खुब्याचा एक्स-रे त्याच दिवशी. तोपर्यंत त्याला चालवू नका, उचलून न्या. खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं, आणि गुडघ्याला बाम लावण्यात आठवडे निघून जातात.

चार ते आठ वर्षांचा मुलगा काही आठवड्यांपासून लंगडतोय, फारसं दुखत नसलं तरी: खुबाच दाखवा.

रात्री पोटऱ्या दुखतात म्हणून रडणारी मुलं यात येत नाहीत. दोन्ही पाय दुखतात, चोळून दिल्यावर झोप लागते, सकाळी मूल उड्या मारत असतं, ते वाढीचं दुखणं. नेहमी एकाच जागी, एकाच पायात दुखत असेल, सूज असेल किंवा मूल दिवसाही लंगडत असेल तर ते वाढीचं नाही.

पुण्यात कुणाकडे जायचं

पहिली भेट तुमच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांची. गरज वाटली तर ते मुलांच्या हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवतील. मोठ्यांचे गुडघे बदलणाऱ्यांपेक्षा मुलांची हाडं रोज बघणारे डॉक्टर निवडा. खर्चाचा प्रश्न असेल तर स्टेशनजवळच्या ससून रुग्णालयात अस्थिरोग विभाग आहे. सकाळी लवकर जा आणि दिवस हातात ठेवा. शिवाजीनगरला संचेती रुग्णालय खास हाडांचंच आहे. मूल अंगणवाडीत किंवा सरकारी शाळेत असेल तर 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. क्लबफूट, निसटलेला खुबा आणि मुडदूस तिन्ही त्या कार्यक्रमात येतात आणि पुढचा उपचार मोफत मिळतो. ताईंना तपासणीची तारीख विचारून ठेवा, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.

जाताना लसीकरणाचं कार्ड, खाकी कागद, फोटो आणि व्हिडिओ घ्या. बाळ किती आठवड्यांचं जन्मलं, पायाळू होतं का, कधी बसलं, कधी चाललं हे लिहून न्या. मुलाला ढगळ चड्डी घाला, घट्ट जीन्स नको. नेहमीची जुनी चप्पल न्या, तिची झीज बघून बरंच कळतं. डॉक्टर बघून म्हणाले, "काही नको, सहा महिन्यांनी या," तर पैसे वाया गेले असं समजू नका. सहा महिन्यांनी नक्की जा, कारण चौथ्या प्रश्नाचं उत्तर तेव्हाच मिळतं.

आणि ते काळे बूट

संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. मोजे घालून, दोन्ही पायांनी उभं करून बघा. सर्वांत लांब बोटापुढे तुमच्या अंगठ्याएवढी जागा हवी. बूट हातात धरून वाकवा. तो बोटांच्या सांध्यापाशी सहज वाकायला हवा, मधोमध नाही. टाचेची बाजू घट्ट हवी, वजन कमी हवं. मोठ्या भावाचे झिजलेले बूट धाकट्याला देऊ नका, ते भावाच्या पायाच्या आकारात बसलेले असतात. दर तीन महिन्यांनी आत बोट घालून जागा तपासा. जूनमध्ये घेतलेले बूट दिवाळीपर्यंत आखूड झालेले असतात आणि मूल ते सांगत नाही.